पायऱ्या, जाळं आणि मधला मुकादम



आज एका पुस्तकाशी भांडायचं आहे. पुस्तकाचं नाव 'रीइन्व्हेंटिंग ऑर्गनायझेशन्स', लेखक फ्रेडरिक लालू. हसू नका, हे लालू बेल्जियमचे आहेत. २०१४ साली हे पुस्तक आलं आणि बघता बघता जगभरच्या कंपन्यांत, सामाजिक संस्थांत आणि प्रशिक्षणांत पोचलं. तुमच्यापैकी कुणी एखाद्या संस्थेच्या शिबिरात बसला असेल, तर लेखकाचं नाव कानावर न येताही त्याची मांडणी ऐकलेली असणार. तिथं फळ्यावर एका बाजूला त्रिकोण काढतात, म्हणजे साहेब वर आणि बाकीचे खाली. दुसऱ्या बाजूला ठिपके काढून ते रेघांनी जोडतात, ते जाळं. मग सांगतात की त्रिकोण जुना झाला, जाळं हे उद्याचं. समोरचे माना डोलावतात, कारण त्रिकोणाचा त्रास कुणाला झालेला नाही?

मला हे पुस्तक आवडतं, हे आधीच सांगून टाकतो. न आवडणाऱ्या पुस्तकावर तासभर बोलायला मी रिकामा नाही. पण ते वाशिमात बसून वाचलं की त्यातल्या काही गोष्टी डळमळायला लागतात. त्या कुठल्या आणि का, एवढंच आज बघू.

आधी लालू काय म्हणतात ते नीट सांगितलं पाहिजे. माणसांच्या संघटना टप्प्याटप्प्यानं बदलत गेल्या असं ते मांडतात आणि प्रत्येक टप्प्याला एक रंग देतात. लाल म्हणजे टोळी, ज्याच्या हातात दंडा तो नायक. मग पिवळसर अंबर, म्हणजे सैन्य, चर्च, सरकारी खातं, नियम आणि पायऱ्या. त्यानंतर नारिंगी, म्हणजे आजच्या मोठ्या कंपन्या, नफा आणि टार्गेट. मग हिरवा, म्हणजे कुटुंबासारखी चालणारी संस्था. आणि सगळ्यात पुढं टील, म्हणजे निळसर हिरवा. इथं साहेबच नाही. माणसं लहान गटांत स्वतःचं काम स्वतः चालवतात. कुणीही कुठलाही निर्णय घेऊ शकतो, अट एकच, ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार त्यांना आणि ज्यांना त्यातलं कळतं त्यांना आधी विचारायचं. पुस्तकातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण हॉलंडमधल्या बुर्टझोर्ग या संस्थेचं आहे. घरी जाऊन आजारी माणसांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांची ही संस्था २००६ साली सुरू झाली. दहा-बारा जणींचा गट असतो, त्यांच्यावर व्यवस्थापक नाही. कोणत्या रुग्णाकडं कोण जाणार, सुट्टी कोण घेणार, नवी परिचारिका घ्यायची की नाही, हे सगळं गट ठरवतो. आणि संस्था उत्तम चालते, हेही खरं आहे.

आता पहिली तक्रार. जो लेखक पायऱ्यांवर टीका करतो, त्यानं मानवजातीच्या इतिहासाचीच एक शिडी केली आहे. खालच्या पायरीवर टोळ्या, मध्ये सरकार, वर बुर्टझोर्ग. या शिडीत आपला तांडा कुठं बसवायचा? लालूंच्या हिशेबानं खाली, लाल रंगाच्या आसपास किंवा त्याच्याही खाली. एवढंच बघायला मी तुम्हाला आपल्याच जिल्ह्यातल्या पोहरादेवीला नेणार आहे.

पोहरादेवी मानोरा तालुक्यात आहे, संत सेवालाल महाराजांचं समाधिस्थान. रामनवमीला तिथं देशभरातून बंजारा समाज येतो. कर्नाटकातून, तेलंगणातून, मध्य प्रदेशातून माणसं येतात आणि गोरमाटी बोलीत एकमेकांशी सहज बोलतात. हे कसं झालं? लमाणांच्या व्यापारामुळं. रेल्वे यायच्या आधी या देशात मीठ आणि धान्य एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेण्याचं काम बैलांच्या पाठीवरून बंजाऱ्यांचे तांडे करत. मोगल फौजांना रसद त्यांची, पुढं इंग्रजांच्या फौजांनाही त्यांचीच. १८०३ साली वेलस्ली आपल्या वऱ्हाडात आला, अडगाव आणि गाविलगडच्या लढाया झाल्या, तेव्हा त्याच्या पत्रव्यवहारात बंजाऱ्यांच्या धान्याची काळजी पुन्हा पुन्हा दिसते. जगातलं एक बलाढ्य सैन्य, पायऱ्यांनी बांधलेलं, आणि ते पोटासाठी एका जाळ्यावर अवलंबून.

या जाळ्याला मुख्यालय नव्हतं. सगळ्या तांड्यांचा मिळून एक राजा नव्हता. कोणत्या वाटेला वळायचं, कुठं मुक्काम टाकायचा, हे तांड्याचा नायक ठरवायचा. म्हणजे तांड्यातांड्यांमध्ये बघितलं तर जाळं. आणि तांड्याच्या आत? आत नायक होता, कारभारी होता, तंटा सोडवायला नसाब बसायचा. नायकी बहुधा बापाकडून मुलाकडं जायची आणि नसाबात बाईला जागा नसायची. म्हणजे आत पायऱ्या, आणि चांगल्या उंच पायऱ्या.

हर्बर्ट सायमन नावाच्या अमेरिकन विद्वानानं १९६२ साली एका निबंधात दोन घड्याळजींची गोष्ट सांगितली आहे. दोघांच्याही घड्याळात हजार भाग. एक जण सगळे भाग एका दमात जोडायला बसतो, मध्ये कुणी बोलावलं की हातातलं सगळं सुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दुसरा आधी दहा-दहा भागांचे जुडगे करतो, मग जुडग्यांचे जुडगे. त्याला कुणी बोलावलं तर एकच जुडगा सुटतो. अर्थात दुसऱ्याचं दुकान चालतं. सायमनचं म्हणणं असं की जे टिकतं ते बहुधा असं जुडग्याजुडग्यांनी बनलेलं असतं. तांडा हा तसाच जुडगा. एक तांडा साथीत सापडला, लुटला गेला, तरी बाकीचे चालत राहतात. तेव्हा 'जाळं की पायऱ्या' हा प्रश्नच अर्धा आहे. कोणत्या थराला उभं राहून बघता ते आधी सांगा. लालूंच्या पुस्तकात संस्थेला एकदाच, एकाच ठिकाणाहून बघितलेलं आहे आणि मग एक रंग फासलेला आहे.

मग रेल्वे आली. १८६० च्या दशकात गाडी वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली आणि बैलावरच्या मिठाची किंमत संपली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला, त्याच्या कचाट्यात फिरणारे अनेक समाज सापडले, बंजारेही. व्यापाराचं जाळं तुटलं आणि तांडे एका जागी बसले. बसले कुठं? बहुतेक कुठल्या तरी मोठ्या गावाच्या कडेला, जिथं सात-बारा दुसऱ्यांच्या नावावर होता.

आता या कहाणीत एक माणूस येतो आणि माझ्या मते तो लालूंच्या शिडीला सगळ्यात मोठं उत्तर आहे. पोहरादेवीहून पुसदच्या बाजूला गेलं की गहुली लागतं. तिथं तांड्याच्या नायकाच्या घरात १९१३ साली वसंतराव नाईक जन्मले. पुढं ते अकरा वर्षांहून जास्त मुख्यमंत्री होते, ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्याआधी ते महसूलमंत्री असताना राज्यानं एक समिती नेमली होती, तिला नाईक समितीच म्हणतात. लोकशाही विकेंद्रीकरण कसं करायचं हे तिनं सांगायचं होतं. दिल्लीच्या बलवंतराय मेहता समितीनं १९५७ मध्ये भर दिला होता तालुक्याच्या पातळीवर. नाईक समितीनं तो भर उचलून जिल्ह्यावर ठेवला. जिल्हा परिषद बळकट, आणि जिल्हाधिकारी तिच्या बाहेर. त्यातून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत अशी तीन पायऱ्यांची रचना सुरू झाली.

गंमत बघा. जाळ्यातून आलेल्या माणसानं महाराष्ट्राला पायऱ्या बांधून दिल्या. लालूंना हे कसं समजावणार? ते म्हणतील, हा माणूस लाल रंगातून अंबर रंगात चढला. मला ते पटत नाही. ज्यानं तांडा आतून पाहिलेला आहे, त्याला हेही माहीत होतं की नायक चुकला तर तांड्यातल्या साध्या माणसानं जायचं कुठं. नाईकांच्या मनात हेच होतं असा माझा दावा नाही, मनातलं कुणाला कळतं! पण त्यांनी जे उभं केलं त्यात ही सोय आहे. ग्रामपंचायत ऐकत नाही तर पंचायत समिती, ती ऐकत नाही तर जिल्हा परिषद. जिल्हा परिषदेचा कारभार तुम्ही पाहिलेला आहे, मीही पाहिलेला आहे, त्याची आरती ओवाळायला मी उभा नाही. फाइल कशी झोपते हे इथं कुणाला शिकवायचं? मुद्दा वेगळा आहे. पायरीला वरची पायरी असते आणि वर अर्ज करता येतो. मंडळ अधिकाऱ्यानं फेरफार चुकीचा मंजूर केला तर उपविभागीय अधिकाऱ्याकडं अपील आहे. लोकसेवा हक्काच्या २०१५ च्या कायद्यात दाखला वेळेत मिळाला नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग. 'अपील' हा शब्द लालूंच्या पुस्तकात शोधा. तिथं भांडण मिटवायची पद्धत आहे. दोघं आपसात बोलतात, मग एक सहकारी मध्यस्थ म्हणून बसतो, मग काही जणांचं मंडळ बसतं. चांगलं आहे. पण ते मंडळ त्याच घरातलं. आपल्या नसाबासारखं.

बरं, आणखी एक गोष्ट पुस्तकातच लिहिलेली आहे आणि तिच्यावरून वाचक घाईनं पुढं जातात. लालू म्हणतात, अशी संस्था उभी राहायला दोनच अटी अत्यावश्यक आहेत. सर्वोच्च पदावरच्या माणसाला ती पटली पाहिजे आणि मालकांना पटली पाहिजे. म्हणजे काय झालं, बाप्पा? साहेब नसलेली संस्था साहेबाच्या मर्जीवर उभी! त्यांनी प्रामाणिकपणानं उदाहरणंही दिली आहेत, मालकी बदलली किंवा वरचा माणूस गेला आणि सगळं पुन्हा जुन्या वळणावर आलं. ज्या जाळ्याला एकच माणूस वरून गुंडाळून ठेवू शकतो, ते जाळं नव्हे, ती त्या माणसानं दिलेली सवलत आहे. सवलत चांगली असू शकते. पण तिला हक्क म्हणू नका.

आता परिचारिकांवर येतो, कारण हे उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असतं. बुर्टझोर्गच्या परिचारिका शिकलेल्या, पगारी, आणि त्यांच्या कामाचे पैसे विम्याच्या पक्क्या व्यवस्थेतून येतात. मागं कायदा आहे, नोंदणी आहे. त्या सगळ्या पायऱ्या आहेत, फक्त पुस्तकाच्या चित्रात दिसत नाहीत. आता आपल्याकडची बाई बघा जी घरोघरी जाते. आशाताई. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून ही योजना आली, साधारण हजार लोकसंख्येमागं एक आशा. तिचं नाव 'स्वयंसेविका', पगार नाही, कामागणिक मोबदला. कागदावर ती कुणाची नोकर नाही, मोकळा ठिपका आहे जाळ्यातला. आणि प्रत्यक्षात? सर्व्हे करा, फोटो टाका, ॲपमध्ये माहिती भरा, उद्या सकाळी मीटिंगला या. हुकूम सगळे पायऱ्यांचे, आणि हक्काची वेळ आली की ती स्वयंसेविका. पायऱ्या आणि जाळं दोन्हींतलं जे जे वाईट, ते एकाच बाईच्या वाट्याला.

हेच मोठ्या प्रमाणावर बघायचं असेल तर ऊसतोडीकडं बघा. आपल्या भागातल्या कित्येक तांड्यांतून दसरा-दिवाळीनंतर माणसं बाहेर पडतात, कुणी वीटभट्टीला, कुणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावर, कुणी फडावर. उसाच्या धंद्यात मोजमापाचं एकक आहे 'कोयता'. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. बाई अर्धा कोयता. मुकादम हंगामाआधी उचल देतो, ती फेडायला पाच-सहा महिने तोडायचं. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी. कामगाराशी कारखान्याचा कागद बहुधा नसतो.

आता ही रचना कागदावर काढा. मध्ये कारखाना, त्याच्याभोवती वाहतूकदार, त्यांच्याभोवती मुकादम, प्रत्येक मुकादमाशी जोडलेले कोयते. प्रत्येक गट स्वतःचं काम स्वतः चालवतो. कुणावर पर्यवेक्षक नेमलेला नाही, मस्टर नाही. गट लहान, लवचिक, गरज संपली की विरून जाणारा. व्यवस्थापनाच्या पुस्तकात जाळ्याच्या रचनेचे जे जे गुण सांगतात, ते सगळे इथं आहेत. महाराष्ट्रातल्या लाखो माणसांनी ही 'उद्याची' रचना पिढ्यान्‌पिढ्या अंगावर काढली आहे. लालूंना मी हे अन्यायानं चिकटवतो आहे, असं कुणी म्हणेल. त्यांच्या पुस्तकात हेतू शुद्ध आहेत, माणसाला सगळा माणूस म्हणून कामावर येऊ द्या असं ते म्हणतात. मान्य. पण रचनेवर पुस्तक लिहायचं आणि हेतूवर निभावून न्यायचं, हे चालणार नाही. रचना तीच ठेवून हेतू बदलला की काय होतं, तेही रचनेबद्दलच्या पुस्तकानं सांगायला हवं.

बाई फडावर आजारी पडली, एक दिवस काम चुकलं, की 'खाडा' लागतो. दंड. तो दंड बरोबर की चूक हे कुणाला विचारायचं? कारखाना म्हणतो, ती आमची कामगार नाही. वाहतूकदार म्हणतो, मला गाडी भरून हवी. मुकादम म्हणतो, माझी उचल अडकली आहे, मी काय करू? आणि तो सगळं खोटं बोलत नाही. उचल घेऊन जोडी पळाली तर तोही गळ्याइतका कर्जात. बहुतेक वेळा तो त्याच तांड्यातला, नात्यातला, लग्नात वाढायला येणारा. जाळ्यात प्रत्येक ठिपक्याला आपापलं कारण आहे आणि उत्तर देणारा एकही नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ती तपासायला बसली तेव्हा तिला दवाखाने तपासावे लागले, नोंदी शोधाव्या लागल्या, बायकांना विचारत फिरावं लागलं. एखाद्या गिरणीत हे झालं असतं तर निदान पहिली नोटीस कुणाला पाठवायची, हा प्रश्न पडला नसता.

जाळ्याच्या समर्थकांचं यावर एक उत्तर असतं. जाळ्यात तक्रारीची गरज नाही, कारण माणूस सोडून जाऊ शकतो. पटत नाही, दुसरीकडं जा. हे उत्तर शिकलेल्या परिचारिकेला लागू पडतं. उचल घेतलेल्या जोडीला नाही. जाळं मोकळं आहे की नाही ते रेघा मोजून कळत नाही. एखादी रेघ तोडली तर त्या माणसाच्या घरी चूल पेटते का, ते बघावं लागतं. आणि मुकादम हा साधा ठिपका नाही, तो नाका आहे. तांड्याला कारखाना माहीत नाही, कारखान्याला तांडा माहीत नाही, दोघांना जोडणारी वाट एकच आणि ती त्याच्या हातात. पायऱ्यांमध्ये सत्ता वर असते, ती निदान डोळ्यांना दिसते, तिला खुर्ची असते, पाटी असते. जाळ्यात ती मध्ये बसते आणि तिच्यावर पाटी नसते.

तर मग जाळं टाकून द्यायचं का? नाही. बचत गट बघा. दहा-बारा बायका, आठवड्याची बैठक, ठरलेली बचत. कुणाला आधी कर्ज द्यायचं हे गट ठरवतो आणि साधारण बरोबर ठरवतो, कारण कुणाची म्हैस आजारी आहे आणि कुणाचा नवरा पैसे उडवतो हे बँकेच्या साहेबाला माहीत नसतं, गटाला असतं. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे, 'उमेद' २०११ पासून. उमेदमध्ये गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ. पायऱ्याच आहेत या, पण वरच्या पायरीवर कोण बसणार ते खालची पायरी ठरवते. ही रचना मला लालूंच्या सगळ्या रंगांपेक्षा जास्त शिकवते. तिचा घोळ कुठं होतो? कर्जजोडणीचं उद्दिष्ट वरून ठरून येतं, तेव्हा. आकडा वरून आला की खालून बांधलेली शिडी उलटी वापरली जाते. बैठक होते, ठराव होतो, पण ठरलेलं आधीच असतं.

म्हणून अशा पुस्तकाकडून माझी अपेक्षा एवढीच होती की त्यानं रंग सांगण्याऐवजी काही आडमुठे प्रश्न विचारावेत. चुकलं तर नाव कुणाचं लागणार? निर्णय न पटलेल्या माणसाला त्याच घराच्या बाहेरचं कुणी ऐकणारं आहे का? सोडून जाणाऱ्याकडं जायला जागा आहे का? हे प्रश्न बुर्टझोर्गला विचारले तर उत्तरं चांगली येतील, पण ती जाळ्यामुळं येणार नाहीत, मागच्या कायद्यामुळं आणि विम्यामुळं येतील. लालू स्वतः अनेक वर्षं मोठ्या कंपन्यांचे सल्लागार होते, त्यांनी त्रिकोणातला माणूस कसा सुकतो ते जवळून पाहिलं आणि त्यावर जीव तोडून लिहिलं. पुस्तकाचा तो भाग खरा आहे आणि तो वाचाच. मराठी माणसानं तो वाचताना शेजारी ऊसतोडीचा करार ठेवावा, इतकंच.

वाशीमचं उदाहरण देऊन थांबतो. बाशीम हा इंग्रजांच्या काळात जिल्हा होता, १९०५ साली तो मोडला आणि वाशीम अकोल्यात घातलं. १ जुलै १९९८ ला पुन्हा जिल्हा झाला. मधली त्र्याण्णव वर्षं आपल्या लोकांची वरची पायरी अकोल्याला होती आणि अपिलासाठी एसटी पकडावी लागायची. पायरी दूर गेली की माणूस जवळचा मुकादम शोधतो. पायरी जवळ आणणं हे म्हणून फार मोठं काम असतं. आता ऊसतोड कामगारांची गावात नोंद करून त्यांना ओळखपत्र द्यायचं काम शासनानं ग्रामसेवकावर सोपवलं आहे. ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं आता, नाव बदललं. म्हणजे नाईक समितीची सगळ्यात खालची पायरी कोयत्यांच्या जाळ्यापाशी येऊन उभी राहिली आहे. त्या नोंदीत कोयत्यातल्या बाईचं नाव वेगळं लिहिलं गेलं का, आणि तिला कुणी, कुठं नेलं त्या मुकादमाचं आणि कारखान्याचं नाव शेजारी आलं का, हे आपापल्या गावात जाऊन बघता येण्यासारखं आहे. इथं बसलेल्यांपैकी दोन-तीन जण तांड्यावरच्या शाळेत शिकवतात हे मला माहीत आहे. दिवाळीनंतर पट का गळतो ते त्यांना विचारा. आता प्रश्न घेऊ, मागच्या ओळीत हात वर आहे तिथून सुरू करा.